डावे वळण मोकळे, पण कोणासाठी?

आमच्या शहरांतील चौकाचौकांत एक लहानशी पाटी उभी असते. तिच्यावर डावीकडे वळणारा बाण असतो आणि त्याखाली तीनच शब्द असतात: ‘डावे वळण मोकळे’. ज्या चौकात ही पाटी नाही, तेथेही ती प्रत्येक चालकाच्या मनात लटकलेली असतेच. समोर लाल दिवा असो, पोलीस हात आडवा करून उभा असो, डावीकडे जाणाऱ्याने म्हणून थांबावयाचे नाही, हा आमच्या रस्त्यांवरचा अलिखित कायदा होऊन बसला आहे. एखादा सरळमार्गी माणूस लाल दिव्याचा मान राखून डाव्या बाजूस उभा राहिलाच, तर त्याच्या मागे कर्ण्यांचा असा काही गिल्ला होतो की, नियम पाळला हाच आपला गुन्हा झाला असे त्या बिचाऱ्यास वाटू लागते!

या मोकळ्या वळणाच्या तोंडाशी सकाळी दहाच्या सुमारास घटकाभर उभे राहून पाहावे. हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात नातवाचे बोट धरलेली एक वृद्धा पदपथाच्या कडेला येऊन उभी राहते. समोर पायी चालणाऱ्यांचा हिरवा दिवा लागतो. त्या दिव्यातील चिमुकला माणूस तिला ‘या’ म्हणून सांगतो. ती एक पाऊल खाली टाकते, तोच डावीकडे वळणारी मोटार तिच्या पुढ्यातून निघून जाते. मोटारीमागून रिक्षा, रिक्षामागून चार दुचाक्या, आणि त्यांच्यामागून आपला लांबलचक देह वळवीत एक बस. बाई पाऊल मागे घेते. तेवढ्यात दिव्यातील माणूस लुकलुकू लागतो आणि लाल होतो. दिव्याने तिला परवानगी दिली होती, पण वाट कोणीच दिली नाही. आता ती पुढच्या फेरीची वाट पाहते, आणि पुढच्या फेरीतही हेच होणार आहे. शेवटी कंटाळून ती नातवाला घट्ट धरते, हात उंच करते आणि देवाचे नाव घेऊन वाहनांच्या ओघात शिरते. ती पलीकडे पोचली तर ते तिचे दैव. न पोचली, तर दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींची बातमी!

ही अतिशयोक्ती आहे असे कोणास वाटत असेल, तर त्याने सरकारी आकडे पाहावेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे प्राणास मुकली. त्यांपैकी ३२,८२५ जण पायी चालणारे होते. दर दिवसाला सरासरी नव्वद! हे सारे डाव्या वळणावरच मेले असे आम्ही म्हणत नाही. भरधाव महामार्गावर, अंधाऱ्या पुलाखाली, पदपथाच्या अभावी रस्त्याच्या कडेने चालताना, अशा अनेक ठिकाणी त्यांना मृत्यूने गाठले. परंतु शहरात पायी चालणारा माणूस आणि वाहन यांची गाठ नेमाने, दिवसातून हजारदा, जेथे घालून दिली जाते ती जागा म्हणजे चौक होय. आणि चौकातही जेथे पादचाऱ्याने कोणाच्या भरवशावर पाऊल टाकावे हे कोणीच ठरवून दिलेले नाही, ती जागा म्हणजे हे मोकळे डावे वळण होय. म्हणून आज या एका वळणाविषयी आम्ही वाचकांशी सविस्तर बोलू इच्छितो.

हे वळण मोकळे का ठेवले गेले, ते आधी न्यायबुद्धीने समजून घेतले पाहिजे. ते ठेवणारे लोक मूर्ख नव्हते, दुष्ट तर मुळीच नव्हते. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या अंगाने चालतात. त्यामुळे उजवीकडे वळणाऱ्याला समोरून येणाऱ्या वाहनांचा ओघ कापून जावे लागते, डावीकडे वळणाऱ्याला तसे काही करावे लागत नाही. वाहतूकशास्त्राचे एक साधे गणित आहे. चार रस्त्यांच्या चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांशी एकूण ३२ ठिकाणी भिडतात. कोठे ते फुटतात, कोठे मिळतात, आणि १६ ठिकाणी एकमेकांना सरळ छेदतात. या १६ पैकी १२ ठिकाणी भांडणाचे कारण उजवे वळण असते. डाव्या वळणामुळे होणारा छेद एकही नाही! तेव्हा अभियंत्यांनी आपली सारी बुद्धी उजव्या वळणाच्या पायी खर्च केली, यात नवल ते काय?

अमेरिकेत वाहने उजव्या अंगाने चालतात. साहजिकच आपल्या उजव्या वळणाचे सारे दुखणे तिकडे डाव्या वळणाला जडलेले आहे, आणि त्यावर तिकडच्या अभियंत्यांनी नाना उपाय शोधले आहेत. मिशिगन राज्यात अनेक मोठ्या रस्त्यांवर चौकात थेट डावीकडे वळूच देत नाहीत. वाहनाने चौक ओलांडून पुढे जावयाचे, दुभाजकातील फटीतून उलटे फिरावयाचे आणि परत येऊन उजवीकडे वळावयाचे. न्यू जर्सीत डावीकडे जाणाऱ्याला आधी उजवीकडच्या वाकड्या रस्त्याने बाहेर काढतात. मिसूरी राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे २००९ साली एका महामार्गाच्या पुलावर दोन्ही दिशांची वाहने काही अंतरापुरती चक्क बाजू बदलून चालविण्याची रचना अमलात आली, ती कशासाठी? तर डावीकडे वळणाऱ्याला समोरचा ओघ कापावा लागू नये यासाठी! एका वळणासाठी माणसाने किती डोके लढवावे, याचे हे नमुने आहेत.

परंतु वरच्या गणितात एक मोठी चूक राहून गेली आहे, आणि ती मांडणीची आहे. त्या ३२ ठिकाणांत माणूस कोठे आहे? ते सारे बिंदू वाहनाचे वाहनाशी आहेत. पायी चालणाऱ्याला त्या नकाशात जागाच नाही. त्याला त्या कागदावर आणून उभा करा, आणि पाहा, ते निरुपद्रवी डावे वळण एकदम कसे दिसू लागते! डावीकडे वळणारे वाहन एक नव्हे, दोन पादचारी पट्टे ओलांडते. एक, ज्या रस्त्यावरून ते निघाले त्याच्या तोंडावरचा, आणि दुसरा, ज्या रस्त्यात ते शिरते त्याच्या तोंडावरचा. समोर लाल दिवा असतो तेव्हा पहिल्या पट्ट्यावरून चालण्याची पादचाऱ्याची पाळी असते. हिरवा दिवा लागतो तेव्हा दुसऱ्या पट्ट्यावरून चालण्याची पाळी येते. वळण चोवीस तास मोकळे ठेवले, की या दोन्ही पाळ्या त्याच्या हातून जातात. दिव्यांच्या संपूर्ण फेरीत असा एकही क्षण उरत नाही, की जो निर्विवादपणे पायी चालणाऱ्याचा आहे. वाहनांच्या प्रत्येक दिशेला स्वतःचे सेकंद मिळतात. माणसाला मिळते ती केवळ फट! चौकाच्या कारभारात याहून मोठा अन्याय आम्हांस तरी दिसत नाही.

आणि गंमत अशी की, जगातील पहिला वाहतूक दिवा वाहनांच्या सोयीसाठी उभारलाच गेला नव्हता. डिसेंबर १८६८ मध्ये लंडनच्या पार्लमेंट भवनाजवळ जे. पी. नाइट नावाच्या रेल्वे अभियंत्याने आगगाडीच्या सिग्नलसारखे हात आणि रात्रीसाठी वायूचे दिवे असलेला खांब उभा केला. तो उभारला, तो घोडागाड्यांच्या गर्दीतून पायी माणसाला रस्ता सुखरूप ओलांडता यावा म्हणून. पुढच्याच महिन्यात वायूचा स्फोट होऊन तो हाताळणारा पोलीस जखमी झाला आणि तो प्रयोग बारगळला. पुढे विजेचे दिवे आले, मोटारी आल्या, आणि जे साधन माणसासाठी जन्माला आले, ते पाहता पाहता यंत्राच्या सेवेला लागले. आज आमच्या चौकातील दिवा मोटारीला मिनिटे देतो आणि माणसाला उरलेसुरले सेकंद. मूळ मालक दाराबाहेर आणि भाडेकरू माडीवर, अशातला हा प्रकार आहे.

मोकळ्या वळणाचा हा मोह आपल्यालाच पडला असेही नाही. अमेरिकेत १९७३ नंतर तेलाची टंचाई आली. लाल दिव्यापाशी मोटारी उभ्या राहून पेट्रोल फुकट जळते, ते वाचवावे म्हणून १९७५ सालच्या ऊर्जाविषयक कायद्याच्या रेट्याने लाल दिवा असतानाही उजवीकडे वळण्याची मुभा राज्याराज्यांत पसरली. तेथील ते उजवे वळण म्हणजे आपले ‘फ्री लेफ्ट’च. थोड्याच वर्षांत न्यूयॉर्क, ओहायो, विस्कॉन्सिन इत्यादी राज्यांतील अपघातांचा अभ्यास झाला आणि वळणाऱ्या मोटारींखाली सापडणाऱ्या पादचाऱ्यांचे व सायकलस्वारांचे प्रमाण वाढल्याचे आढळून आले. तरी त्या मुभेतसुद्धा एक अट आहे, ती आपल्याकडे कोणी सांगत नाही. तेथे चालकाने लाल दिव्यापाशी आधी पूर्ण थांबले पाहिजे, पायी माणसास जाऊ दिले पाहिजे, आणि मगच वळले पाहिजे. न्यूयॉर्क शहराने तर ही मुभाच नाकारली. तेथे विशेष पाटी नसेल तर लाल दिव्यावर वळता येत नाही. मॉन्ट्रियलच्या बेटावरही तेच आहे. गर्दीच्या, पायी चालणाऱ्यांच्या शहराला ही चैन परवडत नाही, हे त्यांनी ओळखले. आमच्या शहरांत पायी चालणारे त्यांच्याहून कमी आहेत काय?

आता या वळणाच्या अंगाकडे पाहू, कारण चालकांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे आणि निरुपयोगीही आहे. माणूस पाटी वाचून वाहन चालवीत नाही. रस्ता जसा सांगेल तसा तो चालवितो. कोपऱ्याची गोलाई हे रस्त्याचे बोलणे होय. ही गोलाई १५ मीटर त्रिज्येची ठेवली, तर मोटार ताशी २५ किलोमीटरच्या आसपास वेगाने सहज वळून जाते. तीच ५ मीटरवर आणली, तर चालकास मुकाट्याने ताशी १५ च्या खाली यावे लागते. धडकेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे पंधराऐवजी पंचवीसच्या वेगाने बसलेला तडाखा जवळजवळ पावणेतीन पट असतो. एका ठिकाणी माणूस खरचटून उठेल, दुसऱ्या ठिकाणी उठेलच असे नाही. रुंद गोलाईचा दुसरा तोटा असा की, कोपरा जितका कापावा तितका तेथे रस्ता फुगत जातो आणि पादचाऱ्याचा पल्ला लांबतो. चांगला धडधाकट माणूस सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो, असे धरून दिव्याचे गणित मांडले जाते. म्हणजे २४ मीटरांचा रस्ता ओलांडण्यास त्यास २० सेकंद पुरतात. आमच्या त्या वृद्धेला सेकंदाला ०.८ मीटरच चालता येत असेल, तर तिला ३० सेकंद हवेत. हे दहा सेकंद कोण देणार?

कित्येक चौकांत तर कोपरा कापून डाव्या वळणासाठी वेगळी मार्गिकाच काढलेली असते. मधे एक तिकोनी बेट असते. ते बेट कागदावर पादचाऱ्यांच्या विसाव्यासाठी असते, आणि प्रत्यक्षात त्यावर जाहिरातीचा फलक, विजेची पेटी व तुटलेल्या फरशांचा ढीग असतो. त्या मार्गिकेतून वळणारा चालक उजवीकडून येणाऱ्या वाहनांकडे मान वळवून पाहत असतो, आणि त्याच क्षणी त्याच्या डाव्या हाताला माणूस पदपथावरून उतरत असतो. डोळे एका बाजूला आणि धोका दुसऱ्या बाजूला! मालमोटार किंवा बस असेल तर गोष्ट याहून गंभीर आहे. लांब वाहन वळते तेव्हा मागचे आतले चाक पुढच्या चाकाच्या मागोमाग जात नाही, ते कोपऱ्याकडे सरकते. पुढचे चाक आपल्यापासून दूर गेले म्हणून जो दुचाकीस्वार निर्धास्त राहतो, त्याला मागचे चाक गाठते. आणि उंच बसलेल्या चालकाला आपल्या डाव्या कुशीतले काही दिसत नाही. लंडनमध्ये वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात. तेथे डावीकडे वळणाऱ्या मालमोटारींखाली इतके सायकलस्वार सापडले की, १२ टनांहून मोठ्या मालमोटारीच्या चालकास आसनावरून प्रत्यक्ष किती दिसते याची मोजणी करून मगच तिला शहरात परवाना देण्याचा नियम करावा लागला. २०२१ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली, आणि २०२४ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला.

मग उपाय काय? उपाय फार खर्चाचे नाहीत, आणि अडचण नेमकी तेथेच असावी! कोपऱ्याची गोलाई लहान करावी. बसला व अग्निशामक बंबाला वळता यावे म्हणून कोपऱ्यापाशी खडबडीत दगडी फरसबंदीचा किंचित उंच पट्टा ठेवावा, त्यावरून मोठे वाहन सावकाश जाईल आणि लहान वाहन तो टाळील. जेथे वेगळी मार्गिका काढून टाकता येत नाही, तेथे पादचारी पट्टा पदपथाच्या उंचीला उचलून घ्यावा, म्हणजे माणूस रस्त्यात उतरणार नाही, वाहनच माणसाच्या पातळीला चढेल. वाहनांनी थांबावयाची रेघ पट्ट्यापासून काही मीटर मागे ओढावी. कोपऱ्यापासून ठरावीक अंतरापर्यंत एकही वाहन उभे करू देऊ नये, रिक्षाचा थांबा व बसचा थांबा तेथून पुढे न्यावा, कारण उभ्या वाहनाआडून येणारे मूल चालकास दिसतच नाही. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक पुस्तिकांत चौकांच्या रचनेविषयी आणि पादचाऱ्यांच्या सोयींविषयी पुष्कळ काही लिहिले आहे. ती पुस्तके अभियंत्यांच्या कपाटात आहेत. ती चौकात उतरावयाची राहिली आहेत.

दिव्यांची वाटणीही बदलावी लागेल. डाव्या वळणाला स्वतंत्र हिरवा बाण द्यावा, आणि तो बाण बंद असताना डावीकडचा ओघही इतरांसारखाच थांबला पाहिजे. अमेरिकेत अनेक शहरांनी एक सोपी युक्ती वापरली आहे. वाहनांना हिरवा दिवा मिळण्यापूर्वी तीन ते सात सेकंद पादचाऱ्यांना आधी हिरवा मिळतो. तेवढ्यात माणसे पट्ट्याच्या मध्यावर पोचतात, वळणाऱ्या चालकाच्या नजरेसमोर येतात, आणि मग त्यांना डावलून जाणे त्याला अवघड होते. मंडईच्या, स्थानकाच्या, शाळेच्या चौकांत याहून पुढे जाता येईल. तेथे सर्व बाजूंची वाहने एकदम थांबवून माणसांना हव्या त्या दिशेने, अगदी तिरकेसुद्धा, जाऊ द्यावे. टोकियोच्या शिबुया चौकात १९७३ पासून हे चालले आहे. जगातील अत्यंत गजबजलेल्या चौकांत त्याची गणना होते, आणि तेथील वाहतूक त्यामुळे बुडाल्याचे ऐकिवात नाही.

येथे आमच्यावर दोन आक्षेप घेतले जातील, आणि ते दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला आक्षेप असा की, डावे वळण थांबविले तर रांगा वाढतील, आधीच कोंडलेली शहरे आणखी कोंडतील. यात काहीच तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. लाल दिवा ६० सेकंदांचा असेल, तर डावीकडे जाणाऱ्याला सरासरी अर्धा मिनिट थांबावे लागेल, आणि जेथे रस्ता अरुंद आहे तेथे त्याच्या मागच्यालाही. परंतु या अर्ध्या मिनिटाचे मोल कोणत्या तराजूत करावयाचे? वळून गेलेले वाहन बहुधा पुढच्या चौकाच्या रांगेत जाऊन उभेच राहते. येथे वाचविलेले सेकंद तेथे खर्ची पडतात. शिवाय चौकातून तासाला किती वाहने गेली हे मोजण्याची पद्धतच चुकीची आहे, किती माणसे गेली हे मोजले पाहिजे. एका मोटारीत एक माणूस असतो, एका बसमध्ये पन्नास असतात, आणि त्या बसपर्यंत पोचण्यासाठी पन्नासांनाही रस्ता पायीच ओलांडावा लागतो. मोटारीतील एकाचा अर्धा मिनिट वाचावा म्हणून पदपथावर वीस माणसांनी दोन दोन फेऱ्या ताटकळावे, याला कार्यक्षमता म्हणावयाचे असेल, तर त्या शब्दाचा अर्थच बदलला पाहिजे. ज्या थोड्या चौकांत डाव्या वळणाचा भार खरोखरच अवजड आहे, तेथे बाणाचे सेकंद वाढवावेत, त्यास आमची हरकत नाही. सेकंद वाढवा, पण ते मोजून द्या. बेहिशेबी मोकळीक नको.

दुसरा आक्षेप नेहमीचा आहे. पादचारीच बेशिस्त आहेत, ते कोठूनही पळतात, मग चालकांनी काय करावे? पादचारी बेशिस्त आहेत हे खरे आहे. त्यांच्या बाजूने खोटी वकिली करण्याची आमची इच्छा नाही. परंतु शिस्त ही विश्वासातून उपजते. ज्याला हिरव्या दिव्याने शंभर वेळा फसविले, तो एकशेएकाव्या वेळी दिव्याकडे पाहीलच कशाला? त्याला लाल दिव्यातही फट दिसली तर तो धावतो, कारण हिरव्यातही त्याच्या वाट्याला फटच येते. आधी दिव्याचे वचन खरे करून दाखवा. मग जो ते मोडील त्याला खुशाल दंड करा, आम्ही तुमच्या बाजूने लिहू.

आमच्या राज्यकर्त्यांना चौकाचा प्रश्न म्हटला की एकच उत्तर सुचते: उड्डाणपूल. मुंबईत केम्प्स कॉर्नरला १९६५ साली पूल झाला, तो देशातील अगदी पहिल्यांपैकी एक. तेव्हापासून पुलांची जी रीघ लागली ती अद्याप संपलेली नाही. पूल नकोतच असा आमचा हट्ट नाही. पुण्यात चांदणी चौकातील जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरुंगाने पाडून नवी रचना करावी लागली, ती त्या महामार्गाची गरज होती. परंतु त्याच पुण्यात विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल अवघ्या दीड दशकाच्या आतबाहेर, २०२० साली, मेट्रोसाठी आणि नव्या पुलासाठी पाडावा लागला, हेही विसरू नये. पूल सरळ जाणाऱ्याला वरून नेतो. वळणारे वाहन आणि चालणारा माणूस हे दोघे खाली जेथे होते तेथेच राहतात, फक्त आता त्यांच्यामध्ये खांब उभे असतात आणि नजर अडलेली असते. कोट्यवधी रुपये हवेत उभे राहतात, आणि जमिनीवरचा कोपरा सुधारण्यास चार गाड्या फरशी मिळत नाही!

कायद्याच्या बाजूने पाहिले, तरी पायी माणसाची बाजू आज दुबळी राहिलेली नाही. चौकात लाल दिवा म्हणजे थांबणे. डावीकडे जाण्याची सवलत ही पाटीने किंवा बाणाने द्यावयाची गोष्ट आहे, गृहीत धरण्याची नव्हे. पादचारी पट्ट्यावर माणसाला वाट देणे हे चालकाचे कर्तव्य आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन त्यात १९८ अ हे कलम आले. रस्त्याची रचना, बांधणी व देखभाल विहित प्रमाणांप्रमाणे न केल्यामुळे कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणास अपंगत्व आले, तर जबाबदार प्राधिकरणास, ठेकेदारास व सल्लागारास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एका जिवाला एक लाख ही रक्कम हास्यास्पद आहे, परंतु तत्त्व मोठे आहे. अपघाताचा जाब चालकाबरोबर रस्ता आखणाऱ्यासही विचारता येतो, हे प्रथमच कायद्याने मान्य केले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर पदपथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या २१व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. पदपथाचा हक्क पदपथ संपतो तेथे संपत नाही. दोन पदपथांच्या मध्ये चौक असतो, आणि तो ओलांडता आला नाही तर पदपथ म्हणजे केवळ ओटा!

पुणे महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा केला. तेवढ्या दिवसापुरती वाहने दूर झाली, आणि त्या रस्त्यावरून निवांत चालण्याची पुणेकरांना संधी मिळाली. उपक्रम स्तुत्य होता. परंतु पादचारी हा काही सण नव्हे की त्याचा एक दिवस साजरा करावा आणि उरलेले दिवस त्याने कोपऱ्यावर हात उंच करून उभे राहावे. आम्हांला पादचाऱ्याचा दिवस नको, प्रत्येक फेरीतले त्याचे सेकंद हवेत.

म्हणून आमची मागणी अगदी मोजकी आहे. शहरातील शाळा, रुग्णालये, मंडया आणि बसस्थानके यांच्यालगतचे चौक प्रथम हाती घ्यावेत आणि तेथील ‘डावे वळण मोकळे’ ही पाटी उतरवावी. पक्के बांधकाम लगेच नको. रंगाचे पट्टे, सुटे खांब आणि कुंड्या लावून कोपरा तात्पुरता आवळून पाहावा. महिनाभर आधी आणि महिनाभर नंतर वाहनांचा वेग, पादचाऱ्यांना ताटकळावे लागणारा वेळ आणि वाहनांची रांग, ही तिन्ही मोजावीत आणि ते आकडे नागरिकांपुढे ठेवावेत. रचना चुकली असेल तर कुंड्या हलवाव्यात. बरोबर ठरली तर दगड बसवावेत. चौक एखाद्या कार्यालयाच्या बंद खोलीत ठरू नये, तो रोज ओलांडणाऱ्यांसमोर ठरावा. आणि वाहतूक पोलिसांनी त्या महिनाभरात एकच शिकवण द्यावी: लाल दिव्यावर डावीकडे वळणाऱ्याला अडवावे. सुरुवातीला आरडाओरडा होईल. हेल्मेटच्या वेळीही झाला होता. तेवढ्याने मागे फिरू नये.

वाचकांपैकी जे चालक आहेत, आणि आज बहुतेकजण चालक आहेत, त्यांना आमची स्वतंत्र विनंती आहे. पाटी उतरेल तेव्हा उतरेल. महापालिका हलेल तेव्हा हलेल. उद्या सकाळी डाव्या वळणापाशी आपण येऊ, तेव्हा पट्ट्याच्या अलीकडे थांबण्यास कोणाच्या आदेशाची गरज नाही. मागून कर्णा वाजेल, तो वाजू द्यावा. समोर हातात पिशवी घेतलेली ती बाई उभी असेल, तिच्या बोटाला नातू असेल. तिला हात दाखवून पुढे जाऊ द्यावे. तिला रस्ता ओलांडण्यास वीस सेकंद लागतील, कदाचित तीस लागतील. तेवढा वेळ आपल्यापाशी नाही असे कोणास वाटत असेल, तर आपणही कधी तरी म्हातारे होणार आहोत आणि त्याच कोपऱ्यावर उभे राहणार आहोत, एवढेच त्याने आठवावे.